'सरळ उडी मारा' म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार,

प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण मुद्द्याची आहे. 'लाइन बदलताना काम आणि उद्योग दोन्ही एकदम बदलू नका, एक पाय जुन्या जमिनीवर ठेवा' असं मी लिहिलं होतं, त्याला तुम्ही भित्रेपणा म्हणालात. बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या केमिकल वसाहतीत तेरा वर्षं शिफ्ट सांभाळलेल्या माणसाला सॉल्व्हंटचा वासही नको झालेला असतो आणि मी त्याला परत त्याच वासाकडे पाठवतो, असा तुमचा आरोप. त्यापेक्षा लाखभर रुपये भरून डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स करावा आणि सुटावं, हा तुमचा उपाय. शिवाय 'पंधरा दिवस रजा काढून नवं काम बघा' हे शिफ्टवाल्याला कसं जमणार, असंही विचारलंत.

रजेचं शंभर टक्के मान्य. ती ओळ काढली. पण शिफ्टवाल्याकडे एक गोष्ट आहे जी जनरल शिफ्टच्या बाबूकडे नाही: त्याचा ऑफ मंगळवारी-बुधवारीही पडतो, म्हणजे बाकीची ऑफिसं उघडी असताना. त्या दिवशी नव्या लाइनमध्ये दोन-चार वर्षं झालेल्या माणसाला गाठा. 'कसं काय आहे तुमचं फील्ड?' असं विचारू नका, त्यावर सगळे 'मस्त' म्हणतात. 'काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत?' हे विचारा.

आता वासाचं. कंटाळा नेमका कशाचा आलाय, हे आधी सुटं करा. महिनाभर शिफ्ट संपताना, लॉगबुकात लिहितो तशी, वहीत एकच ओळ लिहा: आज काय नको झालं. नाईट? साहेब? नंदेसरीची ये-जा? की खुद्द प्रोसेस? पहिल्या तिन्हींसाठी उद्योग सोडावा लागत नाही. चौथं निघालं तर तुमचं म्हणणं बरोबर, माझं चूक.

नाईटच नको असेल तर त्याच उद्योगातल्या सेफ्टीच्या कामाचं उदाहरण घ्या. टाकीत माणूस उतरवण्याआधी तुम्ही ऑक्सिजन मोजता, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर परमिटवर सही करत नाही. नायट्रोजनच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद आहे एवढ्यावर भागत नाही, कारण व्हॉल्व्ह आतून गळू शकतो, म्हणून फ्लँजमध्ये, म्हणजे पाइपच्या जोडात, ब्लाइंड (अखंड चकती) टाकायला लावता. हे पुस्तकातून पाठ करून आलेल्याला आणि रात्री दोन वाजता करून घेतलेल्याला वेगवेगळं समजतं. ही तुमची भांडवलाची रक्कम आहे, आणि कोर्सवाल्याकडे जाताना तीच तुम्ही घरी ठेवून निघालात.

मागणीही कायद्याने बांधलेली आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात हजार किंवा जास्त कामगार असतील तर सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता. २०२० च्या नव्या कामगार-सुरक्षा संहितेत तो आकडा ५०० वर आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० वर आला. पण इथेच पैसे बुडतात. बरेच जण नेबॉश या ब्रिटिश संस्थेचं सेफ्टीचं सर्टिफिकेट घेतात. आखाती देशांत, परदेशी कंपन्यांत ते चालतं, पण इथल्या वैधानिक सेफ्टी ऑफिसरच्या पदाला ते पुरत नाही. त्यासाठी सरकारमान्य औद्योगिक सुरक्षेची पदविका लागते, आणि सोबत पदवी किंवा डिप्लोमा व कामाचा अनुभव. फी भरण्याआधी मान्यतेचं पत्र मागा. 'आयएसओ प्रमाणित संस्था' ही काही मान्यता नव्हे. कामगारांच्या बोलीचं ज्ञानही या पदासाठी बघतात. बडोद्याच्या मराठी माणसाला गुजरातीचा प्रश्न नाही, हा आपला फुकटचा फायदा!

डेटा ॲनालिटिक्स वाईट नाही. वाईट आहे ते तेरा वर्षं पुसून फ्रेशरच्या रांगेत उभं राहणं. तिथे टायटॅनिकच्या प्रवाशांच्या यादीवरचा तोच शिकाऊ प्रोजेक्ट घेऊन सगळे आलेले असतात. तुम्ही बॅचचा वेळ का लांबतो, यील्ड (कच्च्या मालातून हाती येणारा माल) कुठे पडतं, हे आकड्यांतून दाखवा. एक्सेल आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) एवढ्यावर सुरुवात होते. मात्र कंपनीचा खरा डेटा पेनड्राइव्हवर घरी आणू नका, नोकरी जाईल ती वेगळ्याच कारणाने. आकडे स्वतः बनवा.

लाखाचा चेक फाडण्याआधी तीस जाहिराती गोळा करा: बडोदा, हालोल, अंकलेश्वर, दहेज. प्रत्येकीत मागितलेल्या गोष्टींपुढे रेघा मारा. वीसहून जास्त रेघा पडल्या ती गोष्ट शिका, तीन-चार पडल्या तिच्यावर रुपया घालू नका. आणि 'अनुभव ०-२ वर्षे' असं किती ठिकाणी लिहिलंय तेही मोजा, कारण पगार त्याच हिशेबाने बसणार.

'हे सगळं पैसेवाल्यांना परवडतं,' असं शेवटी तुम्ही लिहिलंय. उलट, ज्याच्याकडे कमी आहे त्यानेच तारीख बघून राजीनामा द्यावा. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचं वेतन (मुख्यतः बेसिक आणि डीए), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. कायम कामगाराला ती साधारणपणे पाच वर्षांनंतर लागू होते. तुमची तेरा झाली आहेत, तुम्हाला चिंता नाही. पण हे वाचणाऱ्या कुणाची चार वर्षं सात महिने झाली असतील आणि बेसिक तीस हजार असेल, तर पाच महिने थांबल्याने ८६,५३८ रुपये हाती येतात. नव्या ऑफरच्या सीटीसीत (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चात) बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी आणि कंपनीचा पीएफ मिसळलेला असू शकतो, म्हणून तुलना हातात येणाऱ्या रकमेचीच करा. जुना पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) ट्रान्सफर करा. पाच वर्षांची करमाफी आणि दहा वर्षांची पेन्शन दोन्ही त्या सलगतेवर मोजतात. जुन्या कंपनीने एक्झिटची तारीख भरली नाही तर ट्रान्सफर अडकतो. पीएफच्या शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः पोर्टलवर भरता येते.

कंपनीचा मेडिक्लेम बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. घरात बीपी-शुगरवाले आई-वडील असतील तर घरची पॉलिसी राजीनाम्याच्या आधी घ्या, नंतर नाही. जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ (ज्यात त्यांचा क्लेम मिळत नाही) पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासून धरतात.