राखेचा बंधारा फुटला तर पहिला फोन कुणाला?

मे महिना आला की कोकणातल्या तहसील कार्यालयांत मान्सूनपूर्व आढावा बैठका सुरू होतात. दरडीखालच्या वाड्या कुठल्या, धरणांत पाणी किती, कुठला साकव मोडकळीला आलाय, होडी कुणाकडे, जेसीबी कुणाकडे, पट्टीचे पोहणारे कोण. २०२१ चा चिपळूणचा पूर आणि तळियेची दरड यानंतर या बैठका बऱ्यापैकी गांभीर्याने होतात, हे मान्य करायला हवं. पण त्या यादीत राखेचं तळं मी अजून ऐकलेलं नाही. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझी नोकरीतली बरीच वर्षं विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात, राख हाताळणाऱ्या विभागात गेली. कोळसा जळाला की राख उरते. बारीक राख धुराड्याकडे जाता जाता पकडली जाते, जाडी बॉयलरच्या तळाशी पडते. कोरडी उचलता येते ती सिमेंटवाले आणि विटावाले नेतात. उरलेली पाण्यात कालवून पाइपाने लांब नेतात आणि मातीच्या बांधाआड सोडतात. राख खाली बसते, वरचं पाणी परत वापरायला घेतात. तळं भरत आलं की बांध उंच करायचा, आणि बऱ्याच ठिकाणी हा वाढीव बांध जुन्या राखेवरच चढतो. वरून बघाल तर राख टणक वाटते, माणूस चालत जाईल अशी. आतलं पाणी निथळलेलं नसेल आणि बांधाने जागा सोडली, तर तीच राख कढीसारखी पातळ होऊन वाहायला लागते.

आता कुणी म्हणेल, असे बंधारे फुटतात कुठे? आपल्याच राज्यात फुटलाय. १६ जुलै २०२२ ला, धुवाधार पावसात, कोराडीच्या वीज केंद्राची राख साठवणारा खसाळ्याचा बंधारा फुटला. राखेचा चिखल शेतांत आणि घरांत गेला, कोलार नदीतून कन्हानपर्यंत पोचला. कन्हान म्हणजे नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार. मध्य प्रदेशात सिंगरौलीच्या पट्ट्यात तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये एक, ऑक्टोबरमध्ये दुसरा आणि १० एप्रिल २०२० ला सासन वीज केंद्राचा तिसरा. सासनला सहा माणसं गेली, त्यातली तीन मुलं. तेव्हा लॉकडाऊन होता आणि पाऊस नव्हता. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे सगळी तयारी ‘जून ते सप्टेंबर’ या खणात बसवायची सवय आहे. राखेच्या तळ्याला कॅलेंडर कळत नाही.

अमेरिकेतली किंग्स्टनची गोष्ट या धंद्यातल्या माणसांना ठाऊक असते, बाहेर फार कुणाला नसते. म्हणून जरा सविस्तर सांगतो. टेनेसी राज्यात टीव्हीए नावाची सरकारी वीज कंपनी आहे, १९३३ पासूनची. २२ डिसेंबर २००८ च्या मध्यरात्रीनंतर तिच्या किंग्स्टन केंद्रातला राखेचा बांध ढासळला. सुमारे तीनशे एकरांवर राख पसरली, एमोरी नदी भरून गेली, घरं पायापासून सरकली. तात्काळ जीव कुणाचा गेला नाही. थंडीची रात्र होती, लोक घरात होते, नदीवर कुणी नव्हतं. यात नियोजनाचं श्रेय शून्य.

कंपनीने आधी सांगितलं, अंदाजे १३ लाख घनमीटर राख बाहेर पडली. थोड्याच दिवसांत तो आकडा ४१ लाखांवर गेला. तिप्पट! मग पाण्याचा प्रश्न आला. कंपनीने आणि सरकारी यंत्रणांनी नमुने घेतले आणि गावाला पाणी जातं तिथे ते ठीक आहे असं सांगितलं. स्वतंत्र शास्त्रज्ञ आणि नदीसाठी काम करणारे कार्यकर्ते होड्या घेऊन फुटल्या जागेपाशी गेले, तर तिथे आर्सेनिक हे विष पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट. दोघंही खोटं बोलत नव्हते. बाटली कुठे बुडवली, एवढाच फरक. पण नदीकाठी राहणाऱ्या माणसाला दोन दिवसांत दोन उत्तरं मिळाली की तो तिसऱ्यावर विश्वास ठेवत नाही, मग ते कितीही खरं असो.

चांगलंही काही झालं. राख पुढे वाहत जाऊ नये म्हणून नदीत दगडी बांध घातला गेला, तरंगणारी राख अडवायला तरंगते अडथळे लावले. मे २००९ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, आदेश काढून सफाईवर आपली देखरेख बसवली. फुटलं डिसेंबरात, देखरेख मेमध्ये. मधले साडेचार महिने सफाईची सूत्रं बहुतांशी कंपनीच्याच हातात होती. एकूण खर्च अब्ज डॉलरच्या वर गेला. काढलेली बरीचशी राख रेल्वेने अलाबामातल्या पेरी काउंटीत, गरीब आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीजवळच्या कचराभूमीत नेऊन टाकली. आणि ज्यांनी ती फावड्यांनी आणि यंत्रांनी उपसली, त्या शेकडो कामगारांपैकी अनेकजण पुढे फुप्फुसाच्या आणि रक्ताच्या आजारांनी खंगले. मास्क मागितले तर नकार मिळाला, असं त्यांनी कोर्टात सांगितलं. कंत्राटदाराने त्यांच्या सुरक्षेत कसूर केली असं २०१८ मध्ये ज्यूरीने ठरवलं, तडजोड व्हायला २०२३ उजाडलं.

दुसरं उदाहरण छोटं आहे, पण मला जास्त बोचतं. २ फेब्रुवारी २०१४, नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक एनर्जी ही खासगी कंपनी. राखेच्या तळ्याखालून गेलेला पावसाच्या पाण्याचा जुना पत्र्याचा पाइप फुटला आणि सुमारे ३९,००० टन राख डॅन नदीत गेली. लोकांना जाहीरपणे कळलं दुसऱ्या दिवशी. इथे पहिला अंदाज उलट जास्तच निघाला, ८२,००० टनांपर्यंत. त्या राज्याच्या पर्यावरण खात्याने आधी आर्सेनिक मर्यादेत असल्याचं सांगितलं आणि काही दिवसांत ते चुकीचं होतं म्हणून मागे घेतलं. म्हणजे कंपनी चोर आणि सरकार साव, इतकं सोपं प्रकरण नाही. घाईत, भीतीत आणि अब्रू वाचवायच्या धडपडीत काढलेला आकडा कुठल्याही दिशेला चुकतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: ज्याचं तळं फुटलं, त्यानेच राख मोजायची, त्यानेच पाणी तपासायचं आणि त्यानेच खालच्या गावाला कळवायचं, हे चालणार नाही. कंपनी सरकारी असो की खासगी. ही तीन कामं तीन वेगळ्या हातांत हवीत, आणि ते हात कुणाचे हे तळं धड असतानाच कागदावर यायला हवं.

कोकणात हे प्रकरण नागपूर किंवा टेनेसीपेक्षा अवघड का, ते सांगतो. आपल्याकडे नदी एका दिशेने वाहत नाही. सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरून, सुटलेली राख पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, अर्ध्या तासात खाडीत येईल, आणि पुढे काय होईल ते भरती-ओहोटी ठरवेल. भरती लागली तर तीच राख वर, गोड्या पाण्याकडे चढणार. किंग्स्टनसारखा दगडी बांध खाडीत घालायचा तर कुठल्या बाजूने? ओहोटीला खालून अडवलं तर भरतीला ती वर चढतेच. राखेतले काही पोकळ, हलके कण पाण्यावर तरंगतात, ते वाऱ्याने खाडीभर होतील. जड राख तळाला बसेल, नेमकी जिथे बायका ओहोटीला तिसऱ्या (खायचे शिंपले) आणि कालवं काढतात तिथे. वर जांभा असा सच्छिद्र की सड्यावर काय साठलंय ते पायथ्याच्या विहिरींना आज ना उद्या कळतंच. आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस, तोही चार महिन्यांत.

तलाठी पंचनाम्याला येतील तेव्हा भातशेती लिहितील, पडलेली भिंत लिहितील, वाहून गेलेली होडी लिहितील. तिसऱ्यांची जागा कुणाच्या नावावर आहे? कुणाच्याच नाही. जिच्या हातातून दोन पायल्यांची रोजची विक्री गेली, त्या बाईचं नुकसान कुठल्या रकान्यात बसणार? भात पिकवणारे आणि मासे पकडणारे यांच्यात आपलं प्रशासन पहिल्यापासून पहिल्याला ओळखतं.

एक बाजू न्यायाने मांडायला हवी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडसारख्या बंदरालगतच्या केंद्रात बाहेरून आलेला कोळसा जळतो आणि त्यात राख देशी कोळशाच्या मानाने बरीच कमी असते. देशी कोळशात ती ३० ते ४५ टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने सगळी राख वापरात आणायची सक्ती केली आहे, जुन्या साठ्यांसकट. हे चांगलंच आहे, सिमेंटचे बल्कर (बंद टँकर) भरून जाताना दिसतात. पण त्या अधिसूचनेचा भर राख कुठे वापरायची यावर आहे. आज तळ्यात जे आहे ते आज फुटलं तर काय, याचं उत्तर वापराच्या टक्केवारीत मिळत नाही. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा नदीवर पाणी अडवणाऱ्या बांधांसाठी आहे. राखेचा बांध त्या व्याख्येत सरळ बसत नाही, म्हणून तो ना धरणवाल्यांचा, ना पूरवाल्यांचा.

आणि धरणवाल्यांचा असता तरी काय मोठं झालं असतं म्हणा. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार गावाने आधीच केलेली होती. मग तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. महाराष्ट्र हसला. चिपळूण तालुक्यात कुणाला हसू आलं नाही. पहिल्या चोवीस तासांत जबाबदार माणसाला कारण सांगायची घाई झाली की असं होतं. त्या वेळेत कारण नको असतं. कोण कुठे अडकलंय, पाणी प्यायचं की नाही, गुरं कुठे न्यायची, एवढंच हवं असतं. डिसेंबर २०२४ मध्ये जयगडला वायूच्या वासाने शाळेतली मुलं आजारी पडली आणि रुग्णालयात न्यावी लागली, तेव्हाही हेच. मुलाने नाकातून काय ओढलंय, हे आईबापाला डॉक्टरच्या दारात पोचायच्या आत कळायला हवं.

‘हे सगळं बोलायला ठीक, स्वतंत्र यंत्रणा आणणार कुठून?’ असं विचारणाऱ्यांनी आपल्याच किनाऱ्यावरच्या डहाणूकडे बघावं. तिथल्या औष्णिक केंद्रावरून झालेल्या लढ्यातून, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला कंपनी टाळाटाळ करत होती, तर प्राधिकरणाने तीनशे कोटींची बँक हमी मागितली. यंत्रणा बसली, देशात फार थोड्या केंद्रांत ती होती तेव्हा. एका तालुक्यापुरती, अधिकार असलेली, कंपनीच्या पगारावर नसलेली समिती काय करू शकते, त्याचा हा घरचा पुरावा. दिल्लीहून पथक येण्याची वाट बघावी लागली नाही.

तर मला हवंय काय? जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, २००५ च्या कायद्याने. त्यांच्या जिल्हा आराखड्यात प्रत्येक राखेच्या तळ्याचं स्वतंत्र पान हवं: फुटलं तर राख कुठल्या पऱ्याने कुठल्या वाडीत, किती वेळात, भरतीला कुठपर्यंत आणि ओहोटीला कुठपर्यंत. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलेला हवा, कपाटात नको. कंट्रोल रूममधला शिफ्ट इंजिनिअर मध्यरात्री बांध सरकताना बघेल, तेव्हा त्याने साहेबाची परवानगी न घेता थेट पोलीस पाटलाला फोन करायचा आणि भोंगा वाजवायचा. त्याबद्दल त्याची नोकरी जाणार नाही, हे लेखी हवं. हे शेवटचं मी अनुभवातून लिहितोय. रात्रपाळीच्या माणसाला सगळ्यात मोठी भीती बांधाची नसते, सकाळच्या मीटिंगची असते. खोटा इशारा दिला म्हणून झापणारा साहेब प्रत्येक केंद्रात असतो.

पाण्याचे नमुने पहिल्या दिवसापासून तिऱ्हाइताने घ्यावेत. आपल्याकडे दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे. खाडी ओळखणारी माणसं तिथे बसलेली आहेत, मुंबईची वाट का बघायची? आज तळं धड आहे तोवरच त्यांच्याकडून विहिरींचं आणि तिसऱ्यांचं मोजमाप करून ठेवावं, म्हणजे उद्या ‘हे आर्सेनिक आधीपासूनच होतं’ असं कुणाला म्हणता येणार नाही. आणि राख उपसायला जी माणसं येतील, बहुतेक लांबून आणलेली, ठेकेदाराची, त्यांची नावं रजिस्टरला आणि तोंडावर मास्क हवेत. पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं की तो चिखल सुकून उडणार आहे, तो गावकऱ्यांच्याही छातीत जाणार.

कंपन्यांतल्या जुन्या मित्रांनो, फोन करून ‘असं उघड्यावर कशाला लिहितोस’ म्हणू नका. तुमच्याकडे असा आराखडा असेल तर इथेच खाली टाका, मी पोस्ट दुरुस्त करीन.

बाकीच्यांनी १ मेच्या ग्रामसभेत एक विषय मांडायचा: आमच्या गावाच्या वर राखेचं तळं आहे का, असेल तर फुटल्यावर आम्हाला कोण कळवणार, त्याचं पद आणि फोन नंबर काय. ठरावात लिहून घ्या, सचिवाची सही घ्या. ठराव झाला नाही तर माहिती अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाला हाच प्रश्न विचारा. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मजकूर जमत नसेल तर इनबॉक्समध्ये या, मी लिहून देतो.