सौम्य लाठीमार

'वर्तमानपत्र म्हणजे समाजाचा आरसा' हे एका लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. मी ११ वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. आरसा कुठल्या भिंतीवर टांगायचा, हे रात्री साडेदहाला आम्हीच ठरवायचो की!

मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च आठवा. नाशिक ते मुंबई, साधारण १८० किलोमीटर. दहावीच्या मुलांची अडचण नको म्हणून मोर्चेकरी रात्रीच सोमय्या मैदानावरून आझाद मैदानाकडे निघाले. सोललेल्या तळव्यांचे फोटो सगळीकडे झळकले. फोटो खरेच होते, त्यांनी माणसं हलली. पण मथळ्यात 'बळीराजा' आला, की वाचक मनात 'कर्जमाफी' लिहून मोकळा होतो. कर्जमाफीची मागणी होतीच, पण त्या गर्दीतले कित्येक जण आदिवासी होते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वनजमीन नावावर करा, २००६ चा वनहक्क कायदा नीट राबवा, हे त्यांचं मुख्य म्हणणं. ते तळव्यांच्या फोटोत मावत नाही. आतल्या पानावर, चौथ्या परिच्छेदात जातं. तिथवर वाचतो कोण?

आणि क्रियापदं बघा. आंदोलक दगडफेक 'करतात', पोलिसांना मात्र लाठीमार 'करावा लागतो'. तोही 'सौम्य'! हा शब्द मीही बातमीत बिनदिक्कत ठेवलाय. एकदा एका शिकाऊ मुलीने विचारलं, "सर, सौम्य म्हणजे नेमका किती?" मी म्हणालो, "पान छपाईला सोडायचंय, नंतर बोलू."