गुडघ्याखालचं शहर

माझ्यासोबत शहरात पायी फिरायला घरातलं कुणी तयार होत नाही. चालण्यात मी कुणाला हार जात नाही, घोटाळा होतो तो थांबण्यात. एखादा बरा कट्टा दिसला की पावलं मंदावतात, हात त्याच्या कडेवरून फिरतो आणि तोंडातून उद्गार निघतो, "काय कड आहे!" बायको तोवर पुढच्या चौकात पोचलेली असते. "लोकांचे नवरे रस्त्यात इकडेतिकडे बघतात, आमचे हे कठड्यांकडे बघतात," असं ती फोनवर बहिणीला सांगत होती. सुरात तक्रार होती की समाधान, ते मी विचारलं नाही.

शाळा-कॉलेजच्या वयात ज्याच्या पायाखाली स्केटबोर्ड आला, त्याला शहर गुडघ्याच्या वर फारसं दिसतच नाही. बँकेची इमारत किती मजली आहे हे मला सांगता येणार नाही, पण दारापुढच्या पायऱ्या पाच आहेत आणि चौथीचा कोपरा उडालाय, हे झोपेतही सांगेन. वाचनालयाशी तर माझं फार जुनं नातं. आत क्वचितच गेलो, पण बाहेरची फरशी पाठ होती. तिच्या सांध्यांवरून चाकं जाताना जो खटखटाट व्हायचा, त्यावरून न बघता कळायचं की कोण येतंय आणि आज घरून ओरडा खाऊन आलाय का.

माझं हे जमिनीकडे बघणं चाकांमुळे सुरू झालं. माणूस चंद्रावर उतरला तरी स्केटबोर्डची चाकं धातूची नाहीतर क्ले नावाच्या टणक मिश्रणाची होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीनं पॉलियुरेथेनची चाकं आणली आणि जगाचे रस्ते जरा मऊ झाले. पण रस्त्यावरच्या करामतींसाठी पुढे जी लहान, कडक चाकं आली, त्यांच्यापुढे नखाएवढा खडा पडला की बोर्ड जागच्या जागी थांबतो. आपण थांबत नाही. न्यूटनचा पहिला नियम मी वर्गात शिकलो नाही, कोपरांवर शिकलो.

बोर्ड म्हणजे तरी काय, मेपलचे सात पातळ थर चिकटवलेली फळी. तिला हात न लावता उडवायचं त्याला ऑली म्हणतात. मागच्या पायानं शेपटीवर दणका द्यायचा, पुढच्या पायाची कड फळीवरून घासत वर न्यायची, की बोर्ड पायाला चिकटल्यासारखा हवेत येतो. ॲलन गेलफँडनं हे फ्लोरिडातल्या खोलगट स्केटपार्कात केलं, सत्तरच्या दशकाच्या शेवटी. काही वर्षांतच रॉडनी मलननं तेच सपाट जमिनीवर करून दाखवलं, आणि त्यानंतर जगातल्या कुठल्याही शहरातला कुठलाही कट्टा सुरक्षित राहिला नाही. आमच्याकडून बोर्ड वर यायचा, पण आम्ही वेगळ्या दिशेला गेल्यावर. मग तो परत येऊन नडगीवर बसायचा. नडगीला इतक्या नसा असतात हे कुठलंही पुस्तक नीट सांगत नाही.

फळीवर सँडपेपरसारखी ग्रिप टेप असते. पाय घसरू नये म्हणून ती लावतात, आणि ती बूट खाते. तेही दोन्ही खात नाही, ऑलीत घासला जाणारा पुढचाच. माझा डावा बूट करंगळीपाशी फाटायचा, उजवा शोरूममधून आल्यासारखा. "हा एकाच पायानं शाळेत जातो की काय?" आई विचारायची. माझा एक मित्र उजवा पाय पुढे ठेवून उभा राहायचा. आमचं माप एकच, त्यामुळे त्याचा डावा आणि माझा उजवा मिळून एक अख्खा, सभ्य जोड तयार व्हायचा. ज्याच्या घरी पाहुणे असतील त्यानं तो घालायचा. दोघांच्याही घरी एकदम पाहुणे आले की मैत्रीची कसोटी लागायची.

कट्ट्यावरून घसरायला कडेला मेण चोळावं लागतं. वीज गेली की घरोघरी मेणबत्तीची शोधाशोध व्हायची आणि आम्ही अंधाराचा फायदा घेऊन गप्प बसायचो.

आणि रखवालदार काका! त्यांच्याशिवाय हा खेळ पूर्णच होत नाही, असं माझं ठाम मत आहे. एक काका होते, ते रोज हाकलायचे. पण आमच्यातला एखादा करामतीच्या अगदी जवळ आला की खांबाआड उभे राहून बघायचे. जमली की मगच शिट्टी वाजवायचे. एकदा मला मानगुटीला धरून फाटकापर्यंत नेताना हळूच म्हणाले, "मागचा पाय उशिरा उचलतोस तू." त्यांचं बरोबर होतं.

पुढे त्या कडांवर लोखंडी गुठळ्या बसल्या. आमच्यासाठीच, हे उघड होतं. गंमत म्हणजे त्या कट्ट्यावर आमच्याआधी कुणी बसत नव्हतं आणि गुठळ्यांनंतर तर कुणाला बसताच येईना. नॉर्वेनं याहून मोठा पराक्रम केला होता: १९७८ ते १९८९ अख्ख्या देशात स्केटबोर्डवर बंदी! पोरांनी जंगलात लपवून रॅम्प बांधले. मला मात्र फिलाडेल्फियाचे एडमंड बेकन जवळचे वाटतात. शहराचे नामांकित नियोजनकार. लव्ह पार्क ही मूळ त्यांची कल्पना. तिथे स्केटबोर्डिंगला बंदी झाली, तेव्हा निषेध म्हणून २००२ साली ते स्वतः, दोन्ही बाजूंनी आधार घेऊन, बोर्डवर उभे राहिले आणि सरकले. वय ९२. आमच्या गुठळ्या ज्यांनी ठोकल्या त्यांचं वय तेव्हा पन्नासच्या आतलं असावं, पण म्हातारे तेच.

आता सगळं प्रतिष्ठित झालंय. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, मोमिजी निशिया या १३ वर्षांच्या मुलीनं सुवर्णपदक घेतलं. त्या संध्याकाळी आईचा फोन आला. "यानं पोट भरणार आहे का" असं जिनं मला वर्षानुवर्षं विचारलं, ती म्हणाली, "तू का नाही रे गेलास?" माझी मुलगी आता स्केटबोर्डच्या क्लासला जाते. हेल्मेट, ढोपरांना पॅड, पालकांची सही, ठरलेली वेळ. उत्तम आहे सगळं, हाडं शाबूत राहतात. पण तिला कुणी हाकलत नाही, याचं मला वाईट वाटतं. तसं तिला बोलून दाखवलं, तर "बाबा, तुम्ही बाकावर बसा ना," म्हणाली. बाक गुळगुळीत ग्रॅनाइटचा होता. बसवेना.

परवा नवीन घर बघायला गेलो. बायको खिडक्या उघडून वारा बघत होती. मी खालीच, पार्किंगच्या उतारावर. गाडी घसरू नये म्हणून त्यावर आडव्या खाचा पाडलेल्या होत्या. "या कशाला केल्या?" मी जरा दुखावूनच विचारलं. फरशीवर टाच घासली, कठड्याची कड नखानं तपासली, जिन्याच्या रेलिंगला हलवून पाहिलं. एजंट सावध झाला. "साहेब सिव्हिलमध्ये का?" मी मोघम मान हलवली. त्यानं लगेच बिल्डरला फोन लावला आणि आवाज खाली आणून सांगितलं, "पार्टीला सगळं कळतंय, भाव नीट बोला."

बायको त्या दिवसापासून मला प्रत्येक घर बघायला आवर्जून नेते. वर मात्र येऊ देत नाही.