सलोखा म्हणजे प्रेम नव्हे

'सलोखा' हा शब्द हल्ली दोनदाच कानावर पडतो. सणांच्या तोंडावर पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठकीत, नाहीतर काही आक्रीत घडून गेल्यावर. "सामाजिक सलोखा राखा" म्हणताना सूर असा, की सगळ्यांनी एकमेकांच्या गळ्यात पडावं. मला तो सूर पटत नाही. त्यात शब्दावरही अन्याय होतो.

मुळात हा अरबी 'सुलूक'. अर्थ वाटेने चालणं, आणि त्यावरून वागणूक. सूफी मंडळी साधनेच्या मार्गालाही सुलूक म्हणतात आणि त्या मार्गावरच्या माणसाला सालिक. हिंदी-उर्दूत 'बुरा सुलूक' म्हणतात, तीही वागणूकच. फारसीच्या हातून तो आपल्याकडे आला आणि 'सलूख' झाला. मराठेशाहीच्या पत्रांत सलूख म्हणजे चक्क तह. काल ज्याच्यावर फौज धाडली, त्याच्याशी आज सलूख! मुलूख कुणाकडे, पैका किती, एवढं ठरलं की झालं. मनं जुळली का, हे कोण विचारतंय?

दिलजमाई ही वेगळी गोष्ट, तिला दिल लागतं. सलोख्याला नीट वागणं पुरतं. बांधावरून बोलणं तुटलेले दोन शेजारी सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी चुकवत नाहीत. मोटर बंद केली की एकजण नुसती हाळी देतो, "झालं हो!" नाव घेत नाही, तिकडे बघतही नाही. पण दुसऱ्याचं पाणी वेळेवर सुरू होतं. माझ्या लेखी हा अस्सल सलोखा.

सरकारी योजनांच्या नावांचं कौतुक करायची वेळ सहसा येत नाही, पण 2023 च्या जानेवारीत महसूल खात्याने आणलेली 'सलोखा योजना' नावाला जागते. याची जमीन त्याच्या ताब्यात, त्याची याच्या ताब्यात, आणि निदान 12 वर्षं वहिवाट तशीच, असे शेतकरी अदलाबदलीचा दस्त करू शकतात. मुद्रांक शुल्क 1000 रुपये, नोंदणी फी 1000 रुपये. दोघांची संमती हवी, तलाठ्याचा पंचनामा हवा. राग गेला का, असा रकाना कुठेही नाही.

फक्त ही सवलत शेतजमिनीपुरती आहे. घराच्या भिंतीवरून भांडणाऱ्या भावांच्या सलोख्याला ती लागू नाही.