अस्सल राणीछाप रुपया घरबसल्या कसा ओळखावा

जुना चांदीचा रुपया खरा की खोटा हे ठरवताना नवशिकी माणसे सर्वांत आधी रुपयाकडे पाहतात आणि तिथेच चुकतात, कारण रुपया काही बोलत नाही आणि विकणारा मात्र भरभरून बोलतो. म्हणून आपण प्रथम विकणाऱ्याची हकीकत शांतपणे, मान डोलावत ऐकून घ्यावी. त्याचे पणजोबा एखाद्या संस्थानात कारभारी असतील तर रुपया अस्सल समजावा आणि वाड्याचा पाया खणताना हंडा सापडला असेल तर तो अधिकच अस्सल समजावा. दहा रुपयांहून अधिक मोलाचे असे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, असा 1878 सालचा कायदा आजही लागू आहे. पण इतक्या घरंदाज माणसासमोर कायद्याचा विषय काढणे शोभत नाही.

घरात वजनकाटा आणू नये. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा हल्ली फार स्वस्तात मिळतो आणि त्यामुळे आजवर कित्येक चांगले व्यवहार मोडले आहेत. कंपनी सरकारचा 1835 सालचा रुपया काय किंवा पुढे 1862 पासून राणीच्या नावाने पाडलेला रुपया काय, त्याचे वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम असे आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. जुना तोळा म्हणतात तो हाच. आज सराफाच्या तोंडी असलेला दहा ग्रॅमचा तोळा वेगळा. आपला रुपया साडेनऊ ग्रॅमच भरला, तर विक्रेता तो झिजला असल्याचे सांगेल आणि ते आपण तत्काळ मान्य करावे. राणीच्या झग्यावरची वेलबुट्टी पाकळीन् पाकळी शाबूत आहे, वेणीचे पेड मोजता येतात, मुकुटाचे टोकही बोथटलेले नाही आणि तरीही दोन ग्रॅम चांदी नेमकी कुठून झिजली, असला प्रश्न केवळ संशयी स्वभावाच्या माणसालाच पडतो.

पाण्याच्या परीक्षेपासून तर चार हात दूरच राहावे. काही हट्टी संग्राहक काट्यावर पाण्याचा पेला ठेवतात, आकडा शून्यावर आणतात आणि बारीक दोऱ्याला बांधलेला रुपया तळाला किंवा कडेला लागू न देता पाण्यात पूर्ण बुडवून धरतात. पूर्ण वजनाच्या अस्सल रुपयाला काटा 1.13 ग्रॅमच्या आसपास थांबतो. त्या आकड्याने रुपयाच्या वजनाला भागले की उत्तर 10.3 च्या जवळपास येते. जर्मन सिल्व्हरच्या रुपयाचे उत्तर नऊच्याही खाली राहते, कारण त्या तांबे, जस्त आणि निकेलच्या मिश्रणात चांदी मुळीच नसते. पाच मिनिटांत, बिनखर्चात आणि रुपयाला ओरखडाही न पाडता होणारी ही परीक्षा सुसंस्कृत घरात होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी चुंबक वापरावे. रुपया चुंबकाला चिकटला नाही की तो अस्सल ठरला, असे जाहीर करून मोकळे व्हावे. तांबे, पितळ आणि जर्मन सिल्व्हर हेही चुंबकाला चिकटत नाहीत, ही माहिती अशा प्रसंगी निष्कारण गोंधळ घालते. मात्र वाघाचे चित्र असलेला 1947 चा रुपया कोणी चांदीचा म्हणून दिला, तर चुंबक चटकन खिशात टाकावे, कारण तो रुपया निकेलचा असल्याने टुणकन उडी मारून चिकटतो आणि मग दोन्ही पक्षांना उगाच अवघडल्यासारखे होते.

आवाजाची परीक्षा मात्र परंपरेने मान्य केलेली आहे, ती जरूर करावी, फक्त व्हिडिओ कॉलवर करावी. अस्सल रुपया दगडी फरशीवर खणखणीत वाजतो आणि त्याचा नाद थोडा वेळ रेंगाळतो. ओतीव रुपया बद्द वाजतो. विक्रेत्याने रुपया सतरंजीवर टाकला आणि आवाजच आला नाही, तर दोष नेटवर्कला द्यावा.

भिंग वापरण्याची हौस असेलच, तर ते राणीच्या चेहऱ्यापुरते मर्यादित ठेवावे आणि रुपयाच्या कडेवर नेऊ नये. ठशाने पाडलेल्या नाण्याच्या कडेवरचे दाते सरळ आणि सारख्या अंतराचे असतात. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला कधी कधी जोडाची बारीक रेघ सापडते, अक्षरांचे कोपरे विरघळल्यासारखे दिसतात आणि पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात. ती दिसलीच तर त्यांना इतिहासाच्या खुणा म्हणावे.

सालाच्या बाबतीत नियम सोपा आहे: जे साल दुर्मीळ, तेच विकत घ्यावे. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया फार विरळा असल्यामुळे 1938 मधल्या आठाचा नऊ करून देणारे कारागीर आपल्याकडे तयार झाले आहेत. त्यांच्या हस्तकौशल्याला दाद द्यावी आणि शेवटच्या आकड्याभोवतीचे ओरखडे पाहू नयेत. 1911 च्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि ते रुपये मागे घेण्यात आले, हे खरे आहे. म्हणून डुक्कर ठळक, गुबगुबीत आणि दुरूनही दिसणारे असावे असा आग्रह धरावा. राम, सीता, लक्ष्मण आणि मारुती असलेला, ‘ईस्ट इंडिया कंपनी, 1818, अर्धा आणा’ असे लिहिलेला चांदीचा शिक्का मिळाला, तर कसलीही घासाघीस करू नये. कंपनीच्या टाकसाळीत असे नाणे कधी पडलेच नाही आणि तिचा अर्धा आणा तांब्याचा असे. परंतु भक्तीच्या ठिकाणी टाकसाळीचे दप्तर उघडून बसणे बरे दिसत नाही.

पेशवाईचा रुपया घेताना तर विशेष दक्षता बाळगावी. पुण्याचा अंकुशी रुपया हातात घेतला की त्यावर मोगल बादशहाच्या नावाची फार्सी अक्षरे दिसतात, तीही ठसा रुपयापेक्षा मोठा असल्याने अर्धवट उमटलेली, आणि कोपऱ्यात एक अंकुश. अशा संशयास्पद वस्तूला हात लावू नये. ज्यावर सुबक देवनागरीत ‘श्रीमंत बाजीराव पेशवे’ असे लिहिलेले आहे, कड यंत्रावर कातल्यासारखी गोल आहे आणि मागे शनिवारवाडा कोरलेला आहे, तोच रुपया निःशंक मनाने देव्हाऱ्यात ठेवावा.

घरी आणल्यावर रुपया चिंच आणि राख लावून, काथ्याने लख्ख घासावा. शंभर वर्षांत चढलेला काळसर थर संग्राहक जपतात आणि घासलेल्या नाण्याची किंमत उतरते, असे ते म्हणतात खरे. पण लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात काळा रुपया ठेवला, तर शेजारी काय म्हणतील, याचा विचार त्यांनी केलेला नसतो.

एवढे होऊनही कोणी सराफाचे यंत्र सुचवले, तर हरकत घेऊ नये. ते यंत्र धातू सांगते, वय सांगत नाही, आणि गेल्या दिवाळीत चोख चांदीत पाडलेली राणी त्यात सन्मानाने उत्तीर्ण होते. उलट यंत्राने गिलेटाखालचे तांबे दाखवले, तर यंत्र बिघडले आहे असे समजून थेट विक्रीकडे वळावे. या रुपयाचे काही लाख देऊ करणारी माणसे फोनवर भेटतातच. जुन्या नोटा आणि नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपले नाव आणि बोधचिन्ह वापरून शुल्क आणि कमिशन मागितले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता, आणि असे कोणतेही शुल्क आपण घेत नाही हेही सांगितले होते. बँकेला एवढी स्पर्धा सहन होत नसावी. तेव्हा आधी नोंदणीचे पैसे भरावेत, मग कराचे, मग विम्याचे, आणि समोरचा फोन बंद झाला की रुपया परत मखमली डबीत ठेवून द्यावा. ज्या नाण्यापायी एवढा खर्च झाला, ते खोटे असेलच कसे?