टर्मिनसची वेलांटी

देवनागरी फॉन्ट बनवतो म्हटलं की समोरचा आधी कौतुकाने बघतो आणि मग हमखास विचारतो, "अक्षरं तर पहिलीतच ठरलेली असतात ना? मग तुम्ही करता काय?"

सुट्या अक्षरांचा त्रास नाहीच हो. ३४ व्यंजनं गुण्यागोविंदाने नांदतात. जोड्या लावल्या की ११५६. प्रत्येकीची बाराखडी धरली तर १३,८७२. त्यांतल्या बहुतेक मराठीत कधी येत नाहीत, पण येणाऱ्यांतल्या बऱ्याच खोडसाळ जोड्या लोकलमध्ये भेटतात. म्हणून चाचणीला सुभाषितं नकोत, स्टेशनं घ्यावीत. 'विठ्ठलवाडी'त ठ खाली ठ. ओळींतलं अंतर कमी पडलं की खालचा ठ पुढच्या ओळीच्या रफारावर आदळतो. 'सँडहर्स्ट'चा रफार स वर नाही, ट वर बसायला हवा.

आणि 'टर्मिनस'! साठवताना क्रम ट, र, हलन्त (पाय मोडायची खूण), म, पहिली वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी म च्या आधी. सगळ्यांत शेवटी चढून खिडकी पटकावणारा प्रवासीच. ही उलटापालट हार्फबझसारखं शेपिंग इंजिन, म्हणजे अक्षरं जुळवून मांडणारा प्रोग्राम, करतं; फॉन्टने 'फक्त' रूपं पुरवायची. पण वेलांटीची कमान अक्षराच्या दंडापर्यंत, म्हणजे उभ्या रेघेपर्यंत, पोचली पाहिजे. र ला अरुंद, ण ला रुंद, 'स्मि'ला त्याहून रुंद, अशा निरनिराळ्या वेलांट्या काढाव्या लागतात. एवढं करून रफार कमानीच्या टोकात घुसतो, त्याला उजवीकडे सरकवायचं. 'कीर्तींना'मध्ये दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच दंडावर भांडतात. तिथे तिघांचं मिळून एकच चित्र काढलेलं बरं. फॉन्टमध्ये वरची मर्यादा कमी भरली, तर विंडोज हे सगळं वरून सफाचट कापतं.

'पायऱ्या' दोन तऱ्हांनी टंकतात: ऱ घेऊन, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडक घालून. दोन्हींचं रूप एकच दिसलं पाहिजे. कॉपी-पेस्टमध्ये जोडक गळला की 'पायर्या' उरतात, आणि त्याला फॉन्ट काय करणार? तसंच वेलांटी उजवीकडेच राहिली, तर आधी इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या लिप्या नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलाय का बघावं. वेबपानावर ल आणि श हिंदी वळणाचे आले, तर भाषा 'मराठी' नोंदवली आहे का ते पाहावं. अर्थात फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील तर.

सगळ्यांतून पार पडलेला फॉन्ट फ्लेक्सवाल्याकडे जातो. शिरोरेषेचा सांधा दिसू नये म्हणून शेजारची अक्षरं, अक्षर काढायच्या हजार एककांच्या चौकटीत, दहा-वीस एककं एकमेकांवर चढवलेली असतात. फ्लेक्सवाला अक्षरांत 'जरा हवा' सोडतो, शिरोरेषेचे तुकडे होतात. मग पांढरी कड लावतो, आणि प्रत्येक सांधा उघडा पडतो. अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून, एकजीव करून मग कड द्यावी, इतकं साधं आहे. पण हे सांगेपर्यंत फ्लेक्स बांबूवर चढलेला असतो आणि मंडळाचा फोन येतो: "साहेब, तुमच्या फॉन्टमध्ये जरा गडबड आहे."