बोनेटच्या जाळ्यांबद्दल दिलेल्या एक स्टारला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री मुलाने वाचून दाखवला. जाळीचं बोनेट बसवून ३२ हजार पाण्यात गेले, तापमानाचा काटा जिथल्या तिथे, पॉवर नाही, अ‍ॅव्हरेज नाही, वरून केबिनमध्ये गरम वास, पाच दिवस सांगून अकरा दिवस लावले, आणि शेवटी "भोकं दाखवून लुटतात". जेवण तसंच राहिलं माझं.

अकरा दिवसांबद्दल माफी मागतो. आमच्या पेंटरच्या लेकीची लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. "शेठ, आखाजीले घर जानंच पडस," म्हणाला, त्याला कोणत्या तोंडाने अडवणार होतो? पण गाडी घेतली त्याच दिवशी हे तुमच्या कानावर घालायला हवं होतं. घातलं नाही, चूक माझी.

"लुटतात" हा शब्द मात्र मला गिळता येत नाही. धुळ्यात सतरा वर्षं हे दुकान आहे, तीन पोरांची घरं त्यावर चालतात. म्हणून लांबलं तरी सगळं लिहितो.

तुम्ही आलात तेव्हा मी दोन फायबर बोनेट दाखवली होती. एकाच्या जाळ्या पुढे, रेडिएटरच्या लगेच मागे. दुसऱ्याच्या मोठ्या, पार वायपरजवळ. मी पहिलं घ्या म्हणालो, आणि का ते काउंटरवर कागदावर काढून दाखवलं. ग्रिलमधून आलेली हवा रेडिएटरमधून गेली की तिला बाहेर पडायला वाट लागते. एरवी ती इंजिनावरून खाली जाऊन गाडीखालून निघते. गाडी पळत असताना बोनेटच्या पुढच्या भागावर हवेचा दाब कमी असतो. तिथे जाळी ठेवली तर आतली गरम हवा वर ओढली जाते आणि रेडिएटरमधून जास्त हवा जाते. काचेच्या पायथ्याशी उलट. तिथे हवा येऊन अडते, दाब वाढतो. केबिनमध्ये ताजी हवा घ्यायची वाट कंपन्या वायपरखाली ठेवतात ती त्यासाठीच. तिथे जाळी असली की वेगात हवा बाहेर निघायच्या ऐवजी आत शिरायला बघते.

तुम्ही म्हणालात, पुढच्या जाळ्या छोट्या दिसतात, फोटोत आहे तसं मागच्या जाळ्यांचंच पाहिजे.

तरीही मी रंग मारायच्या आधी, नुसत्या प्रायमरवर बोनेट बसवून गाडी लळिंगच्या रस्त्याला नेली. गाडी तुम्ही चालवत होतात, मी शेजारी. घरून तोरणाची लाल लोकर आणली होती, तिचे बोटभर लांब चार धागे जाळीच्या कडेला टेपने चिकटवले होते. तीस-चाळीसच्या वेगात धागे वर उभे राहिले, म्हणजे हवा बाहेर येत होती. ऐंशीला गेलो तेव्हा चारपैकी तीन धागे वाकून जाळीच्या आत गेले. तुम्ही स्वतः बोट दाखवून म्हणालात, "अरे, आत ओढतंय हे." मी तेव्हाही म्हणालो, अजून रंग लागलेला नाही, पुढच्या जाळ्यांचं बोनेट घ्या, फरकाचे पैसे घेणार नाही. तुमचं उत्तर, "राहू द्या, दिसायला भारी दिसतंय." व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये आहे. इथे टाकत नाही, कारण त्यात तुमचा आवाज आहे आणि गिऱ्हाइकाला चार लोकांत उघडं पाडायची आमची पद्धत नाही. पण त्या व्हिडिओनंतर लुटारू म्हणवून घ्यायचं, हे मला सहन होत नाही.

आता काटा. तो हलणार नव्हता आणि हलायलाही नको होता. कुलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान थर्मोस्टॅट हा व्हॉल्व्ह सांभाळतो, बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ९० अंशांच्या आसपास उघडतो. इंजिन त्याच गरमीवर चालावं म्हणूनच तो बसवलेला असतो. त्यात हल्लीच्या गाड्यांचा काटा थोडंफार वर-खाली झालं तरी मधेच राहील असा केलेला असतो. काट्यावर फरक दिसेल असं मी एकदाही म्हणालो नाही.

पॉवर वाढेल असंही म्हणालो नाही. इंजिनात जाणारी हवा १० अंशांनी थंड झाली तर ती साधारण ३ टक्के दाट होते, एवढाच तो हिशोब. तुमच्या गाडीचा एअर फिल्टर तर ग्रिलच्या वरून बाहेरचीच हवा घेतो, बोनेटखालची घेत नाही. मग पॉवर वाढणार कुठून? अ‍ॅव्हरेजचंही तेच. मी कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर दोन हंगाम रेसच्या गाड्यांवर हात काळे केलेत. तिथे गाडी लॅपमागून लॅप तापत असते आणि वेगात बोनेटखाली कोंडलेल्या हवेने पुढची चाकं हलकी होतात, म्हणून बोनेटच्या जाळ्यांना खरी किंमत असते, त्याही योग्य जागी असतील तर. धुळे-चाळीसगाव जाऊन-येऊन तो फायदा दिसत नाही. हे मी प्रत्येकाला सांगतो, त्यात माझं एखादं काम सुटलं तरी सांगतो.

आता जे मिळालं तेही लिहायला हवं होतं, भाऊ. घाट चढून वर गाडी थांबवली, एसी चालू ठेवून दहा मिनिटं उभी केली, बॅटरीजवळ तापमान मोजायची वायर ठेवली होती. जुन्या बोनेटला ७९ अंश, नव्याला ७०. बाहेर दोन्ही दिवशी ४२. उभ्या गाडीत गरम हवा आपोआप वर निघून जाते, त्यामुळे मागच्या जाळ्याही तेवढं काम करतात. आपल्याकडच्या मे महिन्यात बॅटरी, वायरिंग आणि रबरी पायपांना त्याचा उपयोग आहे. तुम्ही कन्नड घाट चढता तेव्हा हाच फायदा मिळतो, फक्त तो डॅशबोर्डवर दिसत नाही. शिवाय आमच्या वजनकाट्यावर जुनं बोनेट १७ किलो भरलं, नवं ११.

वासाची तक्रार मात्र मला मान्य आहे. उभ्या गाडीत जाळीतून निघालेली हवा वायपरखालून केबिनमध्ये जात असणार. बोनेटच्या मागच्या कडेची रबर पट्टी फायबरवर नीट चिकटली नसेल तर ती आमच्या फिटिंगची कमी. गाडी आणा, तोपर्यंत एसीची हवा आतल्या आत फिरण्यावर ठेवा. पट्टी नवीन लावतो आणि मागच्या दोन फटी खालून पत्र्याने बंद करून देतो, पैसे नाहीत. यापुढे काय होईल, काय होणार नाही आणि किती दिवस लागतील हे लेखी द्यायचं ठरवलंय, कसं ते बघतो.

रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. लोकरीच्या धाग्यांचं तेवढं त्यात लिहा, एवढीच विनंती. रिव्ह्यू वाचून आठवड्यात दोघांनी ठरलेलं काम रद्द केलंय.

आणि बोनेट नकोच असेल तर तुमचं जुनं गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. दोन तासांत बसवून देतो. मंगळवार सोडून कधीही या, मंगळवारी दुकान बंद असतं.